समुद्राचा जुना ताप

मुलांनो, श्रावणात वैनगंगेला पूर येतो तेव्हा तिचं पाणी कसं दिसतं? आमच्या पवनीच्या घाटावर उभं राहून बघाल तर वाटेल, कुणीतरी भल्यामोठ्या पातेल्यात चहा उकळायला ठेवलाय आणि आता तो उतू जाणार. हा रंग मातीचा. शिवनी जिल्ह्यातल्या सातपुड्याची माती, बालाघाटच्या रानातली माती, गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांतून निसटलेली माती. तुमच्या बाबांनी रोवणीच्या वेळी बांधीचा धुरा नीट घातला नसेल, तर तुमच्या शेतातलीही थोडी माती त्यात असणारच!

ही माती जाते कुठे? पवनी सोडली की वैनगंगा चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवरून दक्षिणेकडे निघते. पुढे तिला वर्धा भेटते आणि दोघींची मिळून प्राणहिता होते. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. गोदावरी पूर्वघाटाचे डोंगर फोडून, राजमहेंद्रीवरून पुढे बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. तिथे पाण्याचा जोर संपतो आणि माती हळूहळू खाली बसू लागते. जाड रेती काठाजवळ, बारीक गाळ लांब खोल समुद्रात. म्हणजे आपण समुद्रापासून इतके दूर राहणारे लोक; आपल्यातल्या पुष्कळांनी समुद्र फक्त चित्रात पाहिलेला; पण आपल्या गावची माती मात्र कधीची समुद्राच्या तळाशी जाऊन बसली आहे.

आणि त्या तळाशी बसलेल्या गाळावरून शास्त्रज्ञ काय सांगतात माहीत आहे? वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राचं पाणी किती गरम होतं ते!

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा चौथीतली एक मुलगी पटकन म्हणाली, "गुरुजी, ताप तर अंगाला थर्मामीटर लावून पाहतात. होऊन गेलेला ताप आता कसा पाहणार?"

प्रश्न अगदी रास्त आहे. समुद्राचं तापमान माणसाने पद्धतशीर मोजायला सुरुवात केली त्याला जेमतेम दीडशे-पावणेदोनशे वर्षं झाली. त्या काळी खलाशी जहाजावरून दोरी बांधलेली बादली पाण्यात सोडायचे, पाणी वर ओढायचे आणि त्यात तापमापी बुडवून आकडा वहीत टिपायचे. उपग्रह आकाशातून तापमान मोजू लागले ते तर अगदी अलीकडे. आपल्या देशाचं हवामान खातं स्थापन झालं १८७५ साली. त्याच्या आधीचं काय? शिवाजी महाराजांच्या वेळी अरबी समुद्र किती गरम होता? सम्राट अशोकाच्या वेळी? माणसं गुहेत राहत होती तेव्हा? तिथे ना बादली, ना वही.

वही नव्हती, पण नोंद होती. ती कुणी केली ते आता सांगतो.

समुद्राच्या वरच्या थरात, जिथवर सूर्यप्रकाश पोचतो तिथे, फोरॅमिनिफेरा नावाचे अतिशय छोटे जीव तरंगत असतात. नाव लांबलचक आहे म्हणून आपण त्यांना नुसतं 'फोरॅम' म्हणू. हा कीडाही नाही आणि मासाही नाही. एकाच पेशीचा जीव. डोळे नाहीत, तोंड नाही, मेंदू नाही. पण हा पठ्ठ्या समुद्राच्या पाण्यातून चुना घेतो आणि स्वतःभोवती सुंदर कवच बांधतो. वाढेल तशी एकेक खोली जोडत जातो. घरात नवी सून आली की आपण बाजूला एक खोली काढतो ना, तसंच! आपल्या गोष्टीत सर्वांत जास्त कामी येणारा फोरॅम म्हणजे 'ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर'. त्याचं कवच पाव ते अर्धा मिलिमीटर, म्हणजे रांगोळीच्या कणाएवढं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तीन-चार फुगे एकमेकांना चिकटवल्यासारखं दिसतं, आणि त्यावर बारीक बारीक भोकं. साधारण दोन ते चार आठवडे तो जगतो आणि मरतो. त्याचं रिकामं कवच खाली खाली जात तळाच्या गाळात पडतं.

असे अब्जावधी जीव, आणि हे लाखो वर्षं चाललेलं. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाचं इंग्रजी जहाज जगभरचे समुद्र धुंडाळत फिरलं. त्याने तळाचा चिखल वर काढला, तेव्हा कित्येक ठिकाणी तो चिखल म्हणजे मुख्यतः ही कवचंच निघाली. (इजिप्तचे पिरॅमिड ज्या चुनखडीच्या दगडांचे आहेत, त्यांतही एका मोठ्या जातीच्या फोरॅमची नाण्यासारखी कवचं खच्चून भरलेली आहेत. पिरॅमिड बांधणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसेल!)

आता गाळाचा साधा नियम लक्षात घ्या. आधी पडलेलं खाली, नंतर पडलेलं वर. पवनीच्या मुलांना हे समजावून सांगायला लागत नाही. आमच्या गावाजवळच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी ते केलं. त्यात दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप निघाला. वरच्या थरात नंतरच्या काळातल्या वस्तू, खाली गेलो की आणखी जुन्या. समुद्राचा तळ म्हणजे अशीच टेकडी, फक्त पाण्याखाली, आणि तिथे फावडं चालत नाही.

मग थर न मोडता गाळ वर काढायचा कसा? पपईच्या पानाचा पोकळ देठ घ्या, बोडीच्या काठच्या मऊ चिखलात सरळ उभा खुपसा, वरचं तोंड अंगठ्याने दाबून धरा आणि हळूच बाहेर ओढा. देठात चिखलाची कांडी अडकून येईल. वरचा चिखल वर, खालचा खाली. शास्त्रज्ञ हेच करतात, फक्त त्यांचा देठ लोखंडाचा आणि पाच-सहा मीटर लांब असतो. डोक्यावर शेकडो किलोंचं वजन बसवलेलं, आत प्लॅस्टिकची नळी. जहाजावरून तारेने तो खाली सोडतात आणि वजनाच्या जोराने तो गाळात घुसतो. खालच्या तोंडाशी पाकळ्यांसारख्या पट्ट्या असतात. आत जाताना त्या उघडतात, वर ओढताना मिटतात, म्हणून कांडी निसटत नाही. यापेक्षा खोल जायचं असेल तर आपण बोअरवेल खणतो तसं यंत्राने खणावं लागतं.

आपल्याकडे हे काम चालतं गोव्यात. पणजीजवळ दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ती १९६६ साली स्थापन झाली. वास्को इथे ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. १९८३ साली जर्मनीत बांधून आलेल्या 'सागर कन्या' या जहाजाने अरबी समुद्रातून आणि बंगालच्या उपसागरातून अशा कितीतरी कांड्या आणल्या. गोव्याला सहलीला जाल तेव्हा नुसती चर्च आणि किनारे बघून परत येऊ नका, या संस्थेच्या इमारतीकडेही बोट दाखवा. आत माझ्या-तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीचा चिखल जपून ठेवलेला आहे!

चिखल प्रयोगशाळेत आला की खरी कसोटी. कांडी उभी चिरून तिच्या दोन फाका करतात. एक फाक तशीच शीतपेटीत जपून ठेवतात, उद्या कुणाला शंका आली तर असावी म्हणून. दुसऱ्या फाकेचे एकेक सेंटिमीटरचे काप करतात. खोल समुद्रात हजार वर्षांत कितीसा गाळ साचतो? दोन-तीन सेंटिमीटर, बोटाच्या एका पेराएवढा. आता पाटीवर गणित करा: हजार वर्षांना अडीच सेंटिमीटर, तर एक मीटरला किती वर्षं? चाळीस हजार! नदीच्या मुखाजवळ गाळ भराभर साचतो, म्हणून तिथे तेवढ्याच लांबीत कमी वर्षं मावतात. पण ती अधिक बारकाईने वाचता येतात.

मग प्रत्येक काप पाण्यात भिजवून अतिशय बारीक चाळणीवर धुतात. चाळणीची भोकं मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्शाएवढी. आपली आई पीठ चाळते ती मैद्याची चाळणीसुद्धा यापुढे जाळीदार दरवाजा वाटेल. माती वाहून जाते आणि वर पांढरी वाळू उरते. ही वाळू म्हणजेच कवचं. ती वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पसरतात आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक हवा तो फोरॅम उचलून चौकटी आखलेल्या पट्टीवर ठेवतात. तुम्ही तांदळातले खडे निवडता ना, तसंच; पण खडे रांगोळीच्या कणाएवढे आणि तेही शेकड्यांनी. एका कांडीला कित्येक महिने लागतात. विज्ञान म्हटलं की आपल्याला रॉकेट आठवतं, मला मात्र हे मान खाली घालून निवडत बसणारे लोक आठवतात.

आता कवचावरून तापमान कसं काढतात? सर्वांत जुनी रीत हजेरीपटाची आहे. काही फोरॅम गरम पाण्यात राहतात, काहींना थंडच मानवतं. ज्या थरात गरम पाण्यातले जास्त हजर, तो काळ गरम. जिथे थंडीतले जास्त, तो थंड. यात एक गंमत आहे. 'पॅकिडर्मा' नावाच्या एका फोरॅमची कवचं काही डावीकडे वळलेली असतात, काही उजवीकडे. थंड ध्रुवीय समुद्रात जवळजवळ सगळी डावखुरी, कोमट पाण्यात उजवी! त्यामुळे नुसतं वळण मोजलं तरी पाणी किती थंड होतं याचा अंदाज येतो. (पुढे कळलं की डाव्या आणि उजव्या वळणाचे हे दोन वेगळेच जीव आहेत. तरी मोजणी चुकली नाही, फक्त नाव बदललं.) १९७० च्या दशकात 'क्लायमॅप' नावाच्या मोठ्या प्रकल्पात शास्त्रज्ञांनी जगभरच्या कांड्यांतले असे हजेरीपट एकत्र केले आणि हिमयुगातल्या समुद्राच्या तापमानाचा नकाशा काढला. १९७६ साली तो प्रसिद्ध झाला.

दुसरी रीत ऑक्सिजनची. ऑक्सिजनचे अणू सगळे सारख्या वजनाचे नसतात. बहुतेक हलके, पण साधारण पाचशेत एक थोडा जड. पाणी थंड असलं की कवचात जड ऑक्सिजन किंचित जास्त जातो, गरम असलं की कमी. अमेरिकेत हॅरॉल्ड यूरी यांनी १९४० च्या दशकात ही कल्पना मांडली आणि १९५५ साली चेझारे एमिलियानी यांनी समुद्रतळाच्या फोरॅमवर ती वापरून जुन्या हिमयुगांचा आलेख काढला. कवचावर आम्ल टाकतात. खायच्या सोड्यावर लिंबू पिळलं की फसफसतं ना, तसा वायू निघतो, आणि त्यातले हलके-जड अणू एक यंत्र वेगवेगळे मोजतं. एका अंशाने तापमान बदललं तर फरक पडतो फक्त हजारात ०.२ चा. इतक्या बारीक फरकावर सगळा डोलारा उभा आहे.

पण इथे एक मेख निघाली. समुद्राचं पाणी तापून वाफ होते तेव्हा हलका ऑक्सिजन आधी उडतो. हिमयुगात ती वाफ बर्फ होऊन जमिनीवरच अडकली, म्हणून समुद्रात जड ऑक्सिजन आपोआपच वाढला. म्हणजे कवच जड झालं ते थंडीने की बर्फ साचल्याने? १९६७ साली केंब्रिजच्या निकोलस शॅकल्टन यांनी दाखवून दिलं की एमिलियानींनी ज्याला थंडी समजलं, त्यातला मोठा भाग प्रत्यक्षात बर्फाचा होता. एमिलियानींचा आलेख खोटा ठरला नाही. तो आलेख होता भलत्याच गोष्टीचा. मला हा प्रसंग विज्ञानाच्या पुस्तकात असावासा वाटतो. बंगालच्या उपसागरात तर आणखी एक घोळ आहे. गोदावरी, महानदी, गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती अशा नद्या तिथे पावसाचं गोडं पाणी आणून ओततात आणि पावसाच्या पाण्यात हलका ऑक्सिजन जास्त असतो. तिथलं कवच हलकं मिळालं तर कारण गरमी की पाऊस?

ही गाठ सुटली मॅग्नेशियमने. फोरॅम कवच बांधतो तेव्हा चुन्यातल्या कॅल्शियमच्या जागी कधी कधी चुकून मॅग्नेशियमचा अणू बसतो. पाणी जितकं गरम, तितक्या अशा चुका जास्त. रुबरच्या कवचात २५ अंशाच्या पाण्यात एक लाख कॅल्शियमच्या अणूंमागे मॅग्नेशियमचे साधारण ३६० अणू असतात. २८ अंशाला साधारण ४७०. दर अंशाला सुमारे नऊ टक्क्यांची वाढ. या हिशेबात ध्रुवांवर किती बर्फ साचला होता याचा प्रश्न येत नाही. म्हणून आधी मॅग्नेशियमवरून तापमान काढायचं, ऑक्सिजनच्या आकड्यातून तापमानाचा वाटा वजा करायचा, आणि उरतं ते त्या वेळच्या पाण्याचं. त्यातून बर्फाचा ठाऊक असलेला हिस्साही काढून टाकला की समुद्र किती खारट होता, म्हणजेच नद्यांतून किती पाणी आलं, याचा अंदाज बांधता येतो. एकाच कवचातून ताप आणि पाऊस दोन्ही! मात्र कवच आधी पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. मातीतही मॅग्नेशियम असतं. एका कोपऱ्यात चिखल राहिला तर थंड समुद्रही गरम दिसायचा. फार खोल तळावर उलटा धोका असतो. तिथे कवच थोडं विरघळतं, मॅग्नेशियम आधी निघून जातं आणि समुद्र होता त्यापेक्षा थंड वाटतो.

आणखी एक रीत आहे, ती थोडक्यात सांगतो. काही सूक्ष्म शेवाळं अंगात मेणासारखा स्निग्ध पदार्थ बनवतात आणि पाण्याच्या तापमानाप्रमाणे त्याची घडण बदलते. शेवाळ कुजून गेलं तरी हे मेण गाळात टिकतं. कवचाचं उत्तर आणि मेणाचं उत्तर जुळलं तर शास्त्रज्ञांचा विश्वास वाढतो. जुळलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून विचार.

तापमान कळलं, पण साल कसं कळणार? चाळीस-पन्नास हजार वर्षांपर्यंत कार्बन-१४ हे घड्याळ चालतं. त्यापलीकडे दुसऱ्या खुणा लागतात. इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी प्रचंड स्फोट झाला. त्याची राख बंगालच्या उपसागराच्या तळावर पसरली आहे. राखेचा पांढुरका थर दिसला की तारीख मिळाली. (पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी गावाजवळही अशी राख सापडली आहे. ती याच स्फोटाची की त्याहून जुन्या, यावर तज्ज्ञांचं भांडण पुष्कळ वर्षं चाललं.) आणि आपला रुबर स्वतःच एक तारीख सांगतो! त्याच्या दोन तऱ्हा आहेत, पांढरी आणि गुलाबी. अटलांटिक महासागरात गुलाबी आजही आहे, पण हिंदी आणि प्रशांत महासागरातून ती सुमारे १ लाख २० हजार वर्षांपूर्वी नाहीशी झाली. त्यामुळे आपल्या समुद्रातल्या कांडीत गुलाबी कण चमकले की समजायचं, इथून खाली सगळं त्याहून जुनं.

सगळीच पानं काही सरळ वाचता येत नाहीत. तळावरचे किडे वरचे थर उकरून मिसळतात, शेतातल्या गांडुळासारखे. कधी तर अख्खी दरडच कोसळते. २०१५ साली 'जॉइडिस रिझोल्यूशन' या खणणाऱ्या जहाजाने अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटर आत, समुद्रतळाखाली अकराशे मीटरपर्यंत खणलं. साडेतीन किलोमीटरहून जास्त पाणी आणि त्याच्याखाली अकराशे मीटर! तिथे सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी समुद्राखाली कोसळलेल्या अवाढव्य दरडीचा ढिगारा लागला. तिला नाव दिलंय 'नटराज'. अशा ठिकाणी इतिहासाची पानं फाटून एकमेकांत घुसलेली असतात.

आता या सगळ्या खटाटोपातून काय कळलं? वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आजच्या मुंबईच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे कित्येक मैल कोरडं चालत जाता आलं असतं. आपल्याकडचा समुद्र आजच्यापेक्षा साधारण दोन ते तीन अंशांनी थंड होता. "एवढंच?" असं वर्गातली मुलं म्हणाली. हो, एवढंच. पण तेवढ्या फरकात आपला पावसाळा मंदावला होता. नद्या बारीक झाल्या होत्या आणि बंगालचा उपसागर आजच्यापेक्षा खारट होता. पुढे समुद्र तापत गेला आणि दहा-अकरा हजार वर्षांपूर्वीपासून पावसाने पुन्हा जोर धरला.

आणि आता आपल्या वैनगंगेची गोष्ट. २००६ साली भारत सरकारच्या एका मोहिमेत गोदावरीच्या मुखासमोर, सव्वा किलोमीटरहून खोल पाण्याखाली, तळ खणला गेला. शोध होता बर्फासारख्या गोठलेल्या मिथेन वायूचा, पुढेमागे इंधन म्हणून उपयोगी पडेल म्हणून. पण वर आलेल्या कांडीत गेल्या अकरा हजार वर्षांचा गाळ होता, म्हणजे गोदावरीच्या सगळ्या लेकींची माती, आपल्या वैनगंगेचीही! अमेरिकेतल्या वूड्स होल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वाचली आणि २०१२ साली निष्कर्ष छापले. त्यांनी फोरॅम पाहिलेच, शिवाय झाडांच्या पानांवरचं मेणही पाहिलं. धानासारख्या वनस्पती आणि ज्वारी किंवा रानगवतासारख्या कोरड्यात टिकणाऱ्या वनस्पती हवेतला कार्बन वेगवेगळ्या तऱ्हेने घेतात, आणि तो फरक मेणात उतरतो. मेणाने सांगितलं की चार हजार वर्षांपूर्वीपासून गोदावरीच्या खोऱ्यात कोरड्यात तग धरणारी झाडंझुडपं वाढत गेली आणि सतराशे वर्षांपूर्वीपर्यंत हे वाढतच राहिलं. त्यानंतरही ती टिकून राहिली. फोरॅमनी सांगितलं की गेल्या तीन हजार वर्षांत तिथला समुद्र मधूनमधून पूर्वी कधी नव्हता इतका खारट झाला. म्हणजे वरून गोडं पाणी कमी आलं.

जगन्नाथ टेकडीवरचा स्तूप ज्या शतकांत गजबजलेला होता, ती शतकं याच कोरड्या होत जाणाऱ्या काळात येतात. यावरून लगेच काही गोष्ट रचू नका हं! लोक का आले, का गेले, हे एका कांडीवरून ठरत नाही. पण ते लोक घाटावर उभे राहून याच नदीकडे बघत होते, आणि त्या दिवसांचा गाळ आज बंगालच्या उपसागराखाली आहे, हे नक्की. याच कांडीतल्या मातीच्या कुळावरून पुढे आणखी एक गोष्ट २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्या कोरड्या काळात दख्खनच्या काळ्या दगडाची माती समुद्रात जास्त येऊ लागली होती. वरच्या गोदावरीच्या बाजूला, जिथे प्रवरेकाठी दायमाबाद, नेवासे अशी जुन्या शेतकऱ्यांची गावं होती, तिथली जमीन झाडोरा कमी झाल्याने धुपत होती. पाऊस कमी, तरी माती जास्त वाहिली!

पालकांपैकी कुणी म्हणेल, गुरुजी, वीस हजार वर्षांपूर्वीचा ताप कळून आमच्या धानाला काय फायदा? तर ऐका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० साली एक मोठा अहवाल निघाला. त्यात म्हटलंय की १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर सुमारे एका अंशाने तापला. हिमयुगातून बाहेर यायला दोन-तीन अंश लागले ते हजारो वर्षांत. हा एक अंश लागला पासष्ट वर्षांत. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात फार मोठ्या क्षेत्रावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचंही पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी दाखवलंय. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेला महापूर तुमच्या घरी कुणी विसरलं नसेल. पऱ्हे कधी टाकायचे, रोवणी कधी करायची, हे आजोबा आभाळाकडे बघून ठरवायचे. आता संगणकावर पुढच्या पन्नास वर्षांच्या पावसाचा अंदाज करतात. पण तो संगणक बरोबर सांगतोय की थापा मारतोय, हे तपासायचं कसं? त्याला वीस हजार वर्षांपूर्वीचा समुद्र विचारायचा आणि त्याचं उत्तर गाळाच्या उत्तराशी ताडून बघायचं. गणिताच्या पुस्तकात मागे उत्तरं असतात ना, तसा हा गाळ.

चौथीतल्या त्याच मुलीने नंतर आणखी एक प्रश्न काढला: "गुरुजी, पण तो फोरॅम उन्हाळ्यात जगला की पावसाळ्यात? मग त्याने सांगितलेलं तापमान कोणत्या महिन्याचं?" मी गारच पडलो, कारण शास्त्रज्ञांनाही नेमका हाच प्रश्न पडला होता! त्यासाठी गोव्याच्या संस्थेने आणि जर्मन शास्त्रज्ञांनी मिळून १९८६ पासून अरबी समुद्रात आणि पुढच्या वर्षापासून बंगालच्या उपसागरात मोठमोठी नरसाळी टांगून ठेवली. रॉकेल ओतायचं नरसाळं असतं त्याच आकाराची, पण प्रचंड. खाली फिरत्या चकतीवर बाटल्या. ठराविक दिवस झाले की एक बाटली बाजूला सरकते आणि दुसरी येते. वरून पडणारी कवचं, शेवाळाचं मेण, नदीची माती, सगळं तारीखवार जमा होतं. त्यातून कळलं की पावसाळ्यात आणि हिवाळ्यात वारे जोराचे असतात तेव्हा खाली पडणारा हा पाऊस वाढतो, आणि कुठली जात केव्हा जास्त पडते हेही मोजता येऊ लागलं.

आता नरसाळ्यात पडणारी आपली माती मात्र कमी झाली आहे. गोदावरी आणि तिच्या उपनद्यांवर धरणं झाली तसा समुद्रात जाणारा गाळ १९७० च्या दशकाच्या तुलनेत १९९० च्या दशकात निम्म्याहून खाली आला. आपल्या पवनी तालुक्यातच वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण आहे. १९८८ साली त्याचं भूमिपूजन झालं. श्रावणातल्या त्या चहाच्या रंगाच्या पाण्यातला बराच गाळ आता धरणाच्या भिंतीमागेच खाली बसतो, थरावर थर.

या पावसाळ्यात एक करा. पुराचं पाणी उंच काचेच्या बाटलीत भरा. नदीवर एकट्याने जायचं नाही, मोठ्यांना आणायला सांगा. बाटली न हलवता खिडकीत ठेवा. दुसऱ्या दिवशी तळाशी रेती, तिच्यावर गाळ आणि सर्वांत वर बारीक मऊ माती बसलेली दिसेल. पट्टीने थर मोजा, बाटलीवर तारीख लिहा. पुढच्या पुरात दुसरी बाटली भरा आणि दोन्हींतले आकडे शेजारी-शेजारी वहीत मांडा.